शेगडीपाशी काय प्यायचं: मे महिन्यातल्या एका शेतावरच्या बार्बेक्यूचं प्रकरण

मागच्या वर्षी मे महिन्यात सासवडजवळच्या आमच्या शेतावर भरदुपारी बार्बेक्यूचा बेत केला होता. बारा वाजता कोळसा पेटला आणि धाकटे काका शेगडीपाशी उभे राहिले, ते तीन वाजेपर्यंत तिथून हलले नाहीत. त्यांच्या हातात सतत काहीतरी गार असायचं. आधी कोल्ड्रिंक, मग बिअर, मग पुन्हा कोल्ड्रिंक. तीनच्या सुमाराला त्यांच्या पोटऱ्यांत गोळे आले. खाली बसले आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. आम्ही त्यांना चिंचेच्या सावलीत आडवं केलं, ओल्या पंच्याने अंग पुसलं आणि डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "सकाळपासून मिठाचं काय प्यायले?" काहीच नाही. मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजल्यावर तासाभरात काका सावरले. पण तो तास मला वर्षभर आठवत राहिला.

यंदा आजीची पंचाहत्तरी त्याच शेतावर, तशाच बेताने करायची ठरली. भाजण्याचं काम भावंडांनी वाटून घेतलं. प्यायच्या सगळ्या गोष्टी मी मागून घेतल्या. काय ठरवलं, का ठरवलं, काय साधलं आणि काय फसलं, ते सविस्तर लिहून ठेवते आहे, कारण उन्हाळ्यातल्या अशा बेतांत मटण-चिकनच्या मसाल्यावर चार दिवस चर्चा होते आणि पेयांसाठी आदल्या संध्याकाळी कुणीतरी कोल्ड्रिंकच्या बाटल्यांचा खोका उचलून आणतं.

माणसं आणि जागा

एकूण ४२ जण. त्यांत ९ मुलं, सत्तरीच्या आसपासचे ७. आजीला रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही. आणखी दोघांना मधुमेह. मोठ्या काकांना मूत्रपिंडाचा त्रास, त्यामुळे दिवसात किती पाणी प्यायचं ते त्यांच्या डॉक्टरांनी मोजून दिलेलं. शेगडीवर तिघे भाऊ पाळीपाळीने. वेळ शनिवारी सकाळी ११ ते संध्याकाळी ६. पारा ३९ अंशांवर, हवा कोरडी. शेतावर दोन चिंचा, एक खोली, त्या खोलीत एक छोटा फ्रिज. विहिरीला मे महिन्यात तळाशी पाणी, म्हणून वापरायला टँकर.

जेवणात कांदा-लसूण मसाल्यात आणि दह्यात मुरवलेलं चिकन, शिगांवर पनीर आणि ढोबळी मिरची, मक्याची कणसं, रताळी, भरताची वांगी. शेवटी भाकरी आणि थोडा भात. म्हणजे तिखट, धुरकट आणि तेलकट. पेयं ठरवताना हे पान आधी डोळ्यांसमोर हवं.

कुणाच्या अंगातून काय जातं

लोणारी कोळशाच्या शेगडीपाशी उभ्या माणसाला दोन बाजूंनी आच लागते. वरून ऊन, समोरून निखारे. अशा माणसाचा घाम तासाला एक लिटरपर्यंत जाऊ शकतो. एक लिटर घामातून ढोबळमानाने एक ग्रॅम सोडियम जातं, म्हणजे मिठाच्या भाषेत साधारण अडीच ग्रॅम, अर्धा चहाचा चमचा. माणसागणिक हे कमीजास्त होतं. ज्यांच्या शर्टावर घाम वाळल्यावर पांढरे डाग उमटतात त्यांचं मीठ जास्त जातं. काकांच्या शर्टावर ते डाग कायम असतात, हे काकूने मला नंतर सांगितलं.

आता कोल्ड्रिंक बघा. ३०० मिलिलिटरच्या बाटलीत ३० ग्रॅमच्या वर साखर आणि मीठ जवळजवळ नाहीच. इतकं गोड पाणी पोटातून पुढे सरकायलाही वेळ घेतं. पोट भरल्यासारखं वाटतं, तहान भागल्यासारखी वाटते, आणि गेलेलं मीठ काही परत येत नाही. त्यात बिअरची भर. मूत्रपिंडांनी पाणी धरून ठेवावं म्हणून मेंदूकडून जे संप्रेरक सुटतं ते दारूने दबतं, आणि प्यायलेलं पाणी लघवीवाटे निघून जातं. काकांचं तीन तासांत नेमकं हेच झालं होतं.

मीठ आणि साखर एकत्र का द्यायची, यामागे आतड्यांचं एक साधं काम आहे. सोडियम आणि ग्लुकोज एकमेकांचा हात धरून आतड्याच्या भिंतीतून आत जातात आणि त्यांच्यामागून पाणी ओढलं जातं. जलसंजीवनीचा, म्हणजे ओआरएसचा, सगळा आधार हाच. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये सुधारलेल्या सूत्रात एका लिटरला २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात चहाचे सपाट ६ चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ.

इथे एक गोष्ट मला ठामपणे सांगायची आहे. "पन्हं म्हणजे आपलं घरचं ओआरएस" असं वाक्य उन्हाळा आला की जिकडेतिकडे ऐकू येतं. पन्ह्यात मीठ, गूळ आणि आंबट असतं हे खरं, पण नेहमीच्या पन्ह्यात गूळ त्या सूत्राच्या कितीतरी पट असतो. उन्हाने गळून गेलेल्या किंवा जुलाब होणाऱ्या माणसाला पन्हं देऊन भागत नाही. त्याला जलसंजीवनीच हवी. म्हणून मी पुड्यांची १० पाकिटं आणली आणि शेगडीजवळच्या खुंटीला पिशवीत टांगली. भावांना सांगून ठेवलं की गोळे आले, चक्कर आली तर हे. आणि कुणी असंबद्ध बोलायला लागलं, अंग तापलं, शुद्ध हरपायला लागली, तर तोंडात काहीही ओतायचं नाही. सावली, अंगावर पाणी, वारा आणि १०८ ला फोन. तो उष्माघात असू शकतो, तिथे पेयाचं काम संपलेलं असतं.

उलट, सावलीत खुर्च्या टाकून बसलेल्या माणसांचं मीठ तेवढं जात नाही, आणि जेवणातून त्यांना ते मिळतंच. सगळ्यांसाठी सरसकट खारट पेय करणं आजीसारख्यांना त्रासाचं ठरलं असतं. म्हणून ठरलं ते असं: पेयं तीच, पण शेगडीवाल्यांचं पिंप वेगळं आणि त्यात मीठ जास्त.

तिखटावर काय चालतं

मिरचीचा तिखटपणा ज्यातून येतो ते कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. तिखट लागल्यावर पाणी प्यायलं तर ते तोंडभर पसरतं. दुधातलं केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून जिभेवरून धुऊन नेतं. त्यामुळे कांदा-लसूण मसाल्याच्या चिकनसोबत ताक हे आपल्या घरांत अनुभवातून ठरलेलं उत्तर अगदी बरोबर आहे. फसफसणारं पेय मात्र तिखट जिभेवर आणखी चरचरतं, कारण त्यातल्या वायूचं तोंडात कार्बोनिक आम्ल होतं आणि ते वेदना ओळखणाऱ्या नसांनाच चेतवतं.

धुरकट आणि तेलकट घासानंतर तोंड साफ करायला आंबट हवं. तिथे कोकम. भाजलेली रताळी आणि मका स्वतःच गोडसर, त्यांच्यासोबत पन्हं चांगलं लागतं, कारण त्यातला आंबटपणा पुढे येतो. आणि भाताशी सोलकढी, कारण काकू कुडाळची आणि तिच्याशिवाय तिचं जेवण पुरं होत नाही.

जे गाळलं त्याबद्दल थोडक्यात. एका मावसभावाने उसाचा चरक शेतावर आणायचा विचार मांडला होता. रस काढल्या क्षणी प्यायला हवा, थोड्या वेळात काळा पडतो, आणि तो गोडही फार. मुलांना एखादा पेला मिळाला असता तर आवडलं असतं, पण चरक धुवायला लागणारं पाणी टँकरचं, म्हणून नको म्हटलं. शहाळी अलिबागचा मामेभाऊ आणणार होता. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, त्यामुळे घामाची भरपाई त्याने होत नाही, आणि मोठ्या काकांना पोटॅशियमचं पथ्य. १० शहाळी आणली, आवड म्हणून. बिअर शेगडी विझल्यावर, आणि परतताना दिवे घाटातून गाडी चालवणाऱ्यांना अजिबात नाही. यावर थोडी कुरबुर झाली. काकांनीच ती मिटवली.

पाणी आणि बर्फ

सगळ्यात जास्त वेळ माझा यात गेला, आणि जावा असंच मला वाटतं. पेयात जे पाणी आणि जो बर्फ जातो तो उकळला जात नाही. चिकन निखाऱ्यावर भाजून निर्धोक होतं, पण ताकात ओतलेलं विहिरीचं पाणी तसंच पोटात जातं. कावीळ, टायफॉइड, जुलाब यांची वाट बहुतेक वेळा हीच असते. चार वर्षांपूर्वी एका लग्नानंतर आमच्या घरातल्या तिघांना कावीळ झाली होती, तेव्हापासून मला मठ्ठ्याच्या पाण्याची धास्ती आहे.

म्हणून पिण्याचं आणि पेयांचं सगळं पाणी २० लिटरच्या जारमधून. पेयांसाठीचं पाणी तरीही गुरुवारी रात्री घरी उकळून गार केलं. विहिरीचं आणि टँकरचं पाणी हात, भांडी आणि माठाचं बाहेरचं अंग ओलं करण्यापुरतं.

बर्फाचा हिशोब मी कागदावर मांडला. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो आणि वितळलेलं पाणी १२ अंशांपर्यंत तापताना आणखी १२, म्हणजे ९२. आता ५० लिटर पेय ३२ अंशांवरून १२ वर आणायचं तर १००० किलोकॅलरी काढून घ्यायच्या, म्हणजे साधारण ११ किलो बर्फ. हा सगळा पेयात टाकला तर ५० लिटरमध्ये ११ लिटर पाणी वाढतं आणि पेय पांचट होतं. लग्नाच्या पंगतीतला मठ्ठा शेवटी शेवटी पाण्यासारखा लागतो, त्यामागे हेच असतं.

यावर दोन उपाय केले. पहिला, पेयच गोठवायचं. पन्ह्याच्या २० लिटरमधलं ४ लिटर स्टीलच्या डब्यांत आणि कुल्फीच्या साच्यांत घालून ओळखीच्या दुकानदाराच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवलं. डब्यांतले गोळे शनिवारी पिंपात सोडले. हिशोब जुळतो का बघा: उरलेलं १६ लिटर ३२ वरून १२ वर आणायला ३२० किलोकॅलरी, आणि ४ किलो गोठलेल्या पन्ह्याकडून मिळतात जवळपास ३६८. साच्यांतला वाटा वजा केला तरी काम भागतं, आणि चव शेवटच्या पेल्यापर्यंत तशीच राहते.

दुसरा, बाहेरून गार करायचं. बर्फाच्या कारखान्यातून २५ किलोची लादी आणली, गोणपाटात गुंडाळून, लाकडाच्या भुशात. ती फोडून मोठ्या घमेल्यांत घातली आणि पिंपं त्यांत उभी केली. मासे आणि इतर माल टिकवण्यासाठीचा बर्फ खाण्याजोगा नसतो. महाराष्ट्रात २०१८ पासून अशा बर्फात निळा रंग घालणं बंधनकारक आहे, म्हणजे निळसर लादी दिसली की ती पेल्यात जायची नाही हे कुणालाही कळावं. आमची लादी बाहेरून लावण्यासाठीच होती. तरीही तिचा तुकडा चुकून कुणाच्या पेल्यात जाऊ नये म्हणून घमेली मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी ओट्यावर मागे ठेवली. पेल्यात टाकायचा बर्फ वेगळा, घरी उकळलेल्या पाण्याचा, ८ किलो, झाकणाच्या डब्यात आणि चिमट्यासकट.

आणि माठ. दोन काळे माठ, शुक्रवारी सकाळीच भरलेले, एकात वाळ्याची जुडी. माठाच्या अंगातून पाझरलेलं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं, त्यामुळे हवा जितकी कोरडी तितका माठ गार. ३९ अंशांच्या दुपारी मी स्वयंपाकघरातला तापमापक माठात बुडवला तर २६ दिसले. बर्फाशिवाय १३ अंशांचा फरक. अलिबागच्या मामेभावाला हे पाहून फार नवल वाटलं, कारण त्यांच्याकडे दमट हवेत माठ असा गार होतच नाही. कोकणात, गोव्यात असा बेत करणाऱ्यांनी माठाच्या भरवशावर राहू नये, तिथे बर्फाचाच हिशोब वाढवावा.

माठात पेला बुडवून पाणी घ्यायची सवय मोडायला दोन्ही माठांना तोट्या बसवून घेतल्या. ओगराळं सुद्धा ठेवलं नाही.

भांड्यांबद्दल आजीशी माझा थोडा वाद झाला. तिचं पितळी पिंप फार देखणं आहे आणि तिला पन्हं त्यातच हवं होतं. पण कल्हई उडालेली. आंबट पदार्थ उघड्या पितळेत किंवा तांब्यात राहिला की धातू त्यात उतरतो, कळकतं म्हणतात ते हेच. शेवटी पितळी पिंपात साधं पाणी भरून फुलं सोडली आणि ते दाराशी ठेवलं. पन्हं, ताक, कोकम सगळं तोटीच्या स्टीलच्या पिंपांत.

पेयं कशी केली

पन्ह्यासाठी रायवळच्या ४ किलो कैऱ्या. तोतापुरीला हवा तसा आंबटपणा नसतो. देठ काढून, चीक निथळून, धुऊन घेतल्या. निम्म्या उकडल्या आणि निम्म्या शुक्रवारी संध्याकाळी शेगडीवर भाजल्या. शेगडी नीट पेटते का ते पाहायचंच होतं, तेव्हा त्याच निखाऱ्यांवर. फुटू नयेत म्हणून काट्याने टोचलं, साल काळी पडून आतला गर लिबलिबीत होईपर्यंत फिरवत राहिलो. भाजलेल्या कैरीच्या पन्ह्याला जो धुराचा वास येतो तो भाजलेल्या जेवणाशी इतका जुळतो की दोन्ही एकाच चुलीवरचे वाटतात. नुसत्या भाजलेल्या कैरीचं मात्र काहींना उग्र लागतं, म्हणून निम्मं-निम्मं.

गर निघाला अडीच किलो. नेहमी आमच्याकडे गराच्या दीडपट-दुप्पट गूळ घालतात. मी दीड किलोच घातला, २० लिटर पन्ह्याला. २०० मिलिलिटरच्या पेल्यात १५ ग्रॅम गूळ येतो, म्हणजे तीन चमचे. कोल्ड्रिंकपेक्षा कमी, पण कमी म्हणजे नाही असं नव्हे, आणि मधुमेह असणाऱ्यांना ते पेलाभर द्यायचं नव्हतंच. मीठ ४० ग्रॅम, वेलची, थोडं केशर. गार पेयाची गोडी जिभेला कमी कळते. त्यामुळे कोमट असताना चव बघून "बरोबर आहे" म्हटलं तर गार झाल्यावर ते फिकं लागतं. एक वाटी गार करून मगच चव ठरवली.

मठ्ठा २० लिटर: घरी विरजलेलं ५ लिटरच्या आसपास दही आणि १५ लिटर पाणी. आलं, भाजलेल्या जिऱ्याची पूड, कोथिंबीर, थोडं पादेलोण, मिरची अजिबात नाही. मीठ शेवटी घातलं. त्याआधी आजीसाठी दोन लिटर बिनमिठाचं, पातळ ताक बाजूला काढलं. शेंदेलोण वापरलं तर रक्तदाबाला चालतं असा समज आहे, पण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं. ताक एकदम घुसळलं नाही. विरजणाचे जंतू ४० अंशांच्या आसपास जोमाने वाढतात, म्हणजे मे महिन्याची दुपार ही ताक आंबण्यासाठीच जणू नेमलेली. निम्मं दही बर्फात ठेवलं आणि दुसरा घाणा अडीच वाजता केला. त्या घाण्याला धुरी दिली: वाटीत एक निखारा, त्यावर हिंग, जिरं आणि चमचाभर तूप, वाटी ताकावर तरंगत ठेवून पाच मिनिटं झाकण.

कोकमाचं १० लिटर आगळापासून केलं, अमृतकोकमापासून नाही. अमृतकोकमात साखरेचा पाक असतो, आगळात मीठ. मधुमेह असणाऱ्या दोघांना बिनसाखरेचं काहीतरी रंगीत, चवीचं हातात असावं असा हेतू. आगळ मुळातच खारट, तेव्हा वरून मीठ नाही, फक्त जिरं. शेगडीवाल्यांचं पिंपही याच कोकमाचं, त्यात मात्र लिटरमागे दोन चमचे साखर आणि थोडं जास्त आगळ.

आजीचं मात्र अवघड होतं. साखर नको म्हणून पन्हं बाद, मीठ नको म्हणून कोकम बाद. पुष्कळ घरांत हे दोन आजार एकाच माणसाला असतात आणि त्या माणसाच्या हातात शेवटी साधं पाणी उरतं. ज्यांच्यासाठी सोहळा त्यांनीच पाणी पीत बसावं हे मला मान्य नव्हतं. तिच्यासाठी बिनमिठाचं ताक होतंच. त्याशिवाय वाळ्याच्या माठातलं पाणी, त्यात लिंबाची फोड, पुदिन्याची चार पानं आणि अर्धा तास भिजवून फुगलेला सब्जा. तिच्या चांदीच्या फुलपात्रात. मोठ्या काकांसाठी त्यांच्या दिवसभराच्या पाण्याची बाटली वेगळी भरून, ती संपली की संपलं. जे प्यायचं ते त्यातूनच वजा करून.

शनिवार

११ वाजता लोक आले तेव्हा आधी माठाचं पाणी आणि गुळाचा खडा दिला. आल्या आल्या गोड पेय ठेवलं की लोक तेच दोन-तीन पेले पितात आणि जेवणाच्या वेळी पोट जड होतं.

शेगडीची पाळी ४० मिनिटांची ठेवली होती. पाळी संपली की खारट कोकमाचा एक मोठा पेला, मग सावली. पहिल्या पाळीनंतर भाऊ म्हणाला, तहान नाही. त्याला काकांनी स्वतः पेला भरून दिला आणि समोर उभं राहून संपवायला लावला. संध्याकाळपर्यंत तिघांपैकी एकालाही गोळे आले नाहीत, डोकं दुखलं नाही. जलसंजीवनीची पाकिटं तशीच परत आली.

मुलांनी ताकाकडे पाहिलंही नाही. पन्ह्याच्या कुल्फ्या मात्र साडेबारालाच संपल्या आणि पुढे चार तास त्याच मागत होती. मी १२ केल्या होत्या, ९ मुलांना ३० लागल्या असत्या. कुल्फी संपल्यावर मुलं पाणी प्यायचंच विसरली. दीडच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं की दोघांनी तासाभरात काहीच प्यायलेलं नाही. मग आत्याने त्यांना पितळी पिंपातल्या फुलांशी खेळायला बसवलं आणि दर वेळी माठाचा एक पेला प्यायला की एक फूल उचलायचं असं ठरवलं.

सोलकढी फसली. नारळाचं दूध काढलं की ते उन्हात दोन तास सुद्धा धड टिकत नाही, हे काकूला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. तिने ५ लिटर सोलकढी १ वाजता तयार केली ती दीडला जेवायला बसायचं म्हणून. पण चिकनची दुसरी खेप लांबली, जेवण अडीचवर गेलं, आणि तेवढ्यात कुणीतरी घमेल्यात जागा करायला ते पातेलं उचलून शेगडीमागच्या कट्ट्यावर ठेवलं. तीन वाजता तिला वास आला. उरलेली २ लिटर ओतून दिली. काकूला ते फार लागलं. मी नारळाचं दूध आणि आगळ वेगवेगळं ठेवून पानावर बसायच्या वेळी एकत्र करायचं असं आधीच सुचवायला हवं होतं. ते माझं काम होतं.

पेल्यांचाही गोंधळ झाला. ५० स्टीलचे पेले आणले होते, पण जो तो पेला ठेवून विसरायचा आणि नवा घ्यायचा. दोन वाजता एकही स्वच्छ पेला उरला नाही आणि टँकरचं पाणी भांडी घासण्यात गेलं.

संध्याकाळी मोजदाद केली. मठ्ठा चारलाच संपला, धुरीचा घाणा तर अर्ध्या तासात. पन्हं लिटरभर उरलं, कोकम ४ लिटर. साधं पाणी ६२ लिटर गेलं, म्हणजे पेयांपेक्षा जास्त. सगळं मिळून माणशी अडीच लिटरच्या थोडं वर. आगळाचं कोकम शेगडीवाले आणि मधुमेहवाले यांच्याशिवाय फार कुणी घेतलं नाही. बाकीच्यांना ते खारट वाटलं, आणि सावलीत बसलेल्यांना ते तसंच वाटायला हवं.

पुढच्या वेळी मठ्ठा ३० लिटर आणि तीन घाण्यांत, सगळ्यांना धुरी. कोकम ६ लिटर पुरेल. कुल्फीचे साचे शेजारच्या तीन घरांतून मागून आणायचे आणि त्यांतल्या निम्म्या वाळ्याच्या पाण्याच्या, लिंबू पिळून, कमी गोडाच्या करायच्या. प्रत्येक पेल्याला चिकटपट्टीवर नाव, आल्या आल्याच. सोलकढी पानावर. आणि रायवळच्या कैऱ्या ६ किलो, कारण शुक्रवारी संध्याकाळी त्या निखाऱ्यांवर भाजत असताना शेगडीभोवती जमलेल्यांनी मीठ-तिखट लावून त्यातल्या कितीतरी तशाच खाल्ल्या, आणि आजीने सगळ्यांत जास्त.